साह्य घेताना

साधकहो, आज ज्या शब्दापाशी थांबायचे आहे तो इतका रोजच्या वापरातला आहे की त्याच्याकडे निरखून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. तो शब्द म्हणजे साह्य. देवापुढे हात जोडून आपण साह्य मागतो, अडीअडचणीला शेजाऱ्याकडे मागतो, दुखण्यात वैद्याकडे मागतो. आणि अलीकडे ज्यांची मुले-नातवंडे परमुलखात आहेत अशा घरांतून एका निराळ्याच साह्याची चर्चा जेवणाच्या पानावर होऊ लागली आहे. तिथल्या मुदतीच्या निवास परवान्यासाठी वकिलाचे किंवा जाणत्या सल्लागाराचे साह्य घ्यावे की न घ्यावे, घ्यावे तर कुणाचे, आणि एकदा घेतले की आपण सुटलो असे मानावे का? हा शेवटचा प्रश्न माझ्या मनात फार वर्षे घोळत आहे, कारण तो नुसता कागदपत्रांचा नाही. साह्य घेतल्यावर साह्य घेणाऱ्याचे कर्तेपण कुठे जाते, हे त्याच्या पोटात आहे, आणि परमार्थाच्या वाटेवरही पहिल्याच वळणावर हाच प्रश्न उभा असतो.

हे निरूपण जर्मनीच्या आधाराने करावे असे मी योजले आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकून तिकडे गेलेल्यांची गणती आता कुणी करत नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयीचा करार झाल्यापासून अभियंत्यांच्या जोडीने परिचारिका आणि कुशल कारागीरही त्या वाटेला लागले आहेत. तिथे पोचलेल्याच्या हाती सुरुवातीला पडतो तो परवाना मुदतीचा असतो, आणि मुदतीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी की तो हेतूशी बांधलेला असतो. शिक्षणासाठी आलेल्याचा परवाना शिक्षणाचा, पदवीनंतर नोकरी शोधणाऱ्याचा अठरा महिन्यांपर्यंतचा तो शोधाचा, ब्लू कार्ड नावाच्या परवान्यावर आलेल्याचा त्या पात्रतेच्या नोकरीचा, पतीपाठोपाठ आलेल्या पत्नीचा सहजीवनाचा. १ जानेवारी २००५ पासून लागू असलेला तिथला निवास कायदा प्रत्येकाला जणू विचारतो, आपण इथे कशासाठी आहात? हेतू बदलला की उत्तर बदलते, उत्तर बदलले की परवान्याचे कलम बदलते, आणि नेमके तिथे सामान्य माणसाला साह्याची गरज लागते.

आता या साह्याचा पहिला पदर पाहू. परक्या भाषेतला कायदा आपल्याला कळत नाही आणि वकिलाला कळतो, म्हणून साह्य, असे वरवर वाटते. ते खरेही आहे. पण याच कायद्याचे ८२ वे कलम एक निराळीच गोष्ट सांगते. आपल्या बाजूच्या ज्या बाबी सरकारी कार्यालयाला आपणहून ठाऊक नाहीत, त्या अर्जदाराने स्वतः, विनाविलंब, पुराव्यासह मांडल्या पाहिजेत, असे ते बंधन आहे. परदेशी नागरिकांचे कार्यालय, ज्याला तिथली आपली मंडळी आउसलेंडरबेहोर्डे म्हणूनच ओळखतात, आपल्या हिताच्या गोष्टी शोधत आपल्या दारी येणार नाही. आपले लग्न कधी झाले, पगाराच्या पावतीत मार्च महिना कोरा का, विद्यापीठातली एक सहामाही आजारपणात कशी गेली, हे सगळे सांगायचे आपणच. यातले काहीही वकिलाच्या ग्रंथसंग्रहात नाही. कायदा त्याच्याकडे असेल, पण ज्या जीवनाला तो कायदा लावायचा ते जीवन आपल्यापाशी आहे. म्हणून चांगला वकील पहिल्या भेटीत बोलतो थोडे आणि विचारतो पुष्कळ, आणि त्या विचारण्याने त्रासलेला तरुण बाहेर येऊन म्हणतो, की पैसे मी दिले आणि उत्तरेही मीच द्यायची. होय, उत्तरे त्यानेच द्यायची. तिथे साह्याचा आरंभ होतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत, आणि ज्ञानेश्वर महाराजांनी त्यांचा विस्तार किती प्रेमाने केला आहे हे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना सांगायला नको. अधिष्ठान, म्हणजे कर्म ज्याच्या आधारावर घडते ते, कर्ता, निरनिराळी साधने, ज्यांना करण म्हटले आहे, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. यातला मर्माचा भाग पुढे येतो: ही पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची दृष्टी शुद्ध नाही, असे भगवंत म्हणतात. म्हणजे मला कुणाची गरज नाही, अर्ज भरायला काय अक्कल लागते, ही ऐट अध्यात्माच्या दृष्टीनेही अज्ञान आहे, आणि साह्य मागण्यात कमीपणा मानणाऱ्याने हे मनाला लावून घ्यावे. पण दुसऱ्या बाजूने पाहा, त्या पाचांतून कर्ता वगळलेला नाही. साधने उत्तम असतील, क्रिया अचूक असतील, दैव अनुकूल असेल, तरी कर्ता आपल्या जागी नसेल तर कर्म पुरे होत नाही. साह्य करणाऱ्याला साधनांत धरा, क्रियांत धरा, एखाद्या वेळी तो दैवाने भेटला असेही म्हणा. कर्त्याच्या जागी मात्र त्याला बसवता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे साह्य या शब्दाचा गाभा हाच आहे: खरे साह्य ज्याला मिळते तो अधिक उत्तरदायी होतो, आणि जे घेतल्यावर आपण आपल्याच गोष्टीत अनोळखी होऊन बसतो, ते कितीही सोयीचे असो, त्याला साह्य म्हणताना मी अडखळतो.

हे तत्त्व उतरते कसे, हे पाहायचे तर एका पाकिटाकडे पाहू. जर्मन कार्यालयांचे महत्त्वाचे निर्णय पुष्कळदा पिवळ्या पाकिटातून येतात. टपालवाला ते पेटीत टाकण्याआधी त्याच्यावर त्या दिवसाची तारीख पेनाने लिहितो, आणि पोचवल्याची नोंद कार्यालयाकडे परत जाते. त्या तारखेला पत्र मिळाले असे कायदा धरतो. मग घरातला माणूस त्या वेळी चुलतभावाच्या लग्नासाठी साताऱ्याला गेलेला का असेना. निर्णयाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक परिच्छेद असतो, त्यात या निर्णयाविरुद्ध कुठे, किती दिवसांत दाद मागता येईल ते लिहिलेले असते. सहसा एक महिना, काही राज्यांत आधी त्याच खात्याकडे हरकत, काही राज्यांत थेट प्रशासकीय न्यायालय. तो परिच्छेद नसला किंवा चुकीचा असला तर मुदत एका वर्षापर्यंत लांबते, हेही तिथल्या कायद्यात आहे. आता आपली सवय अशी की पाकीट फाडून टाकायचे आणि पत्र जपून ठेवायचे, आणि जाणता वकील पहिल्यांदा विचारतो ते पाकिटाबद्दलच. त्याचे सगळे गणित त्या हाताने लिहिलेल्या तारखेपासून सुरू होते. तो आणखी एक गोष्ट सांगतो जी बाहेरच्या माणसाला सुचणे अवघड: परवाना नाकारल्याच्या निर्णयाला नुसती हरकत घेतल्याने निर्णयाचा परिणाम थांबत नाही, त्यासाठी न्यायालयाकडे तातडीचा वेगळा अर्ज करावा लागतो. हे ज्ञान मोलाचे, त्याची फी द्यावी आणि आनंदाने द्यावी. पण ते पाकीट जपणे, पत्रपेटीवर आपले नाव नीट लावणे, महिनाभर गावाला जाताना पेटी उघडायला कुणा विश्वासाच्या माणसाला सांगून जाणे, ही कर्त्याची कामे आहेत, आणि ती न झाल्यास वकिलाचे ज्ञान उशिरा पोचलेल्या औषधासारखे होते.

असाच दुसरा कागद म्हणजे फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. नाव जड आहे, पण वस्तू समजून घेण्यासारखी आहे. परवान्याची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज केला आणि कार्यालयाचा निर्णय व्हायचा असला, तर जुना परवाना निर्णयापर्यंत चालू आहे असे कायद्याने मानले जाते, आणि त्या मानण्याचा हा दाखला. त्यावर तीन चौकोन असतात आणि त्यांपैकी एकात फुली असते. ८१ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमापुढे फुली असेल तर जुन्या परवान्याचे हक्क चालू राहतात, नोकरी करता येते, आणि देशाबाहेर जाऊन परतही येता येते. तिसऱ्या पोटकलमापुढे असेल तर राहणे वैध, पण एकदा बाहेर पडले की त्या कागदाच्या बळावर परत शिरता येत नाही. दिवाळीला घरी येण्याचे तिकीट काढलेल्या मुलाच्या दृष्टीने या दोन चौकोनांमध्ये केवढे अंतर आहे, याचा विचार करा. सल्लागाराकडे जाऊन तो दाखला टेबलावर ठेवला आणि त्याने चष्मा सावरून एका फुलीवर बोट ठेवले, की पाच मिनिटांत जे कळते ते मित्रांच्या अनुभवांवरून आठवड्यातही कळत नाही. मित्राचा अनुभव खोटा नसतो, पण मित्राच्या कागदावरची फुली दुसऱ्या चौकोनात असते. आणि तरीही मुदत संपण्याआधी अर्ज करायचा, ही जी या सगळ्याच्या मुळाशी असलेली अट, ती पाळणे पुन्हा कर्त्याकडेच येते. उशीर झाला तरी फार मोठी अन्याय्य झळ बसू नये म्हणून कार्यालय विशेष बाब म्हणून सवलत देऊ शकते, पण तो हक्क नव्हे, आणि ज्याने पासपोर्टाशेजारी ठेवलेल्या कार्डावरची तारीख वर्षभरात उलटून पाहिली नाही त्याने त्या सवलतीवर विसंबून राहू नये.

आता मी जरा अधिक रेंगाळणार आहे, कारण साह्याचा सर्वांत कठीण पदर इथे उलगडतो. नोकरी गेली, असे समजा. ब्लू कार्डावर असलेल्या तरुणाला कंपनीने पत्र दिले, आणि त्याच्या मनात पहिला विचार येतो तो लपवण्याचा. घरी सांगायचे नाही, कार्यालयाला तर मुळीच नाही, नवीन नोकरी लागेपर्यंत गप्प राहायचे. आजूबाजूची प्रेमाची माणसे त्याच्या भीतीत भीती मिसळून तेच सांगतात. याला आपण साह्य म्हणतो, कारण त्यांचा हेतू शुद्ध असतो. पण कायद्याचे म्हणणे असे, की नोकरी मुदतीआधी संपल्याचे कळल्यापासून दोन आठवड्यांत परवानाधारकाने ते कार्यालयाला कळवावे. आणि मालकावरही चार आठवड्यांत कळवण्याचे बंधन आहे, म्हणजे आपण गप्प राहिलो तरी बातमी पोचणारच, फक्त ती आपल्या तोंडून पोचणार नाही. जाणत्या सल्लागाराकडे गेल्यावर तो त्या मुलाला म्हणतो, बाबा, आधी कळव. पत्र असे लिही, नोकरी शोधत असल्याचे सांग, त्याचे पुरावे आतापासून जमव. कार्यालयाला परवान्याची मुदत कमी करण्याचा अधिकार आहे हे खरे, पण नवी नोकरी शोधायला सहसा काही महिने देतात, आणि ते मागायला तोंड आहे ते ज्याने स्वतः कळवले त्यालाच.

इथे साह्याने काय केले ते बघा. दुःख होते तेवढेच राहिले. हलकी झाली ती भीती, आणि तीही सत्याकडे तोंड वळवल्यामुळे. आपल्या परंपरेने साधूची जी ओळख सांगितली आहे, की तो आपल्याला गोड वाटणाऱ्या असत्यातून अवघड सत्याकडे नेतो आणि नेताना हात सोडत नाही, तिचीच एक प्रपंचातली छटा मला या सल्ल्यात दिसते. वकिलाला साधू म्हणावे असा याचा अर्थ नाही. त्याच्या व्यवसायाची रीत त्याला या ठिकाणी साधुत्वाजवळ आणते, एवढेच म्हणणे आहे.

याच्या अगदी उलट टोकाला जे उभे आहे तेही नीट ओळखले पाहिजे, कारण त्याच्या दारावरही साह्य हाच शब्द लिहिलेला असतो. परवाना हमखास मिळवून देतो म्हणणारा, अनुभवाचे प्रमाणपत्र तयार करून देतो म्हणणारा, पत्ता दाखवायला खोली नसली तरी नुसता कागद मिळेल म्हणणारा. जर्मन कायद्यात परवाना मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी किंवा अपुरी माहिती देणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा दंडाचा गुन्हा आहे, आणि असा मिळवलेला परवाना काही वर्षांनंतरही काढून घेतला जाऊ शकतो. सही मात्र अर्जदाराची असते. एजंट केव्हाच निघून गेलेला असतो. ज्या साह्याने कर्त्याचे सत्य त्याच्याकडून काढून घेतले त्याने त्याला उत्तर द्यायला एकटे ठेवले, आणि यासारखा घात दुसरा नाही. आपल्या गावांतून परदेशी पाठवणाऱ्या एजंटांच्या बाबतीतही हेच पाहावे: १९८३ च्या भारतीय स्थलांतर कायद्याखाली परदेशात नोकरीला माणसे पाठवणाऱ्याला नोंदणी लागते, आणि ती नोंदणी आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या व्यवस्थेत पाहता येते. शेत गहाण टाकण्यापूर्वी आईवडिलांनी एवढे तरी पाहावे, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मग साह्य करणारा ओळखायचा कसा? जर्मनीत २००८ पासून लागू असलेला एक कायदा असे ठरवतो की दुसऱ्याच्या प्रकरणात कायदेशीर सल्ला कुणी द्यावा आणि कुणी देऊ नये. धंदा म्हणून तो वकिलाने किंवा तसा अधिकार असलेल्यानेच द्यायचा. वकिलांमध्येही स्थलांतर कायद्यात विशेष अभ्यास आणि अनुभव सिद्ध केलेल्यांना फाखआनवाल्ट ही पदवी लावता येते, आणि अवघड प्रकरणात तोच शोधावा. पण सगळ्यांनाच वकील लागतो असे नाही. कारितास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस यांसारख्या संस्था सरकारी निधीतून प्रौढ स्थलांतरितांसाठी सल्लाकेंद्रे चालवतात, तिथला सल्ला विनामूल्य असतो, आणि साध्या नूतनीकरणाला, कुटुंबाच्या अर्जाला, कार्यालयाचे पत्र समजून घ्यायला तो बहुतेक वेळा पुरतो. उत्पन्न फारच थोडे असेल तर तिथल्या प्राथमिक न्यायालयाकडून सल्ल्यासाठी चिठ्ठी मिळते, आणि मग वकिलाला आपल्या खिशातून पंधरा युरोच द्यावे लागतात. संकोचाने कुणी तिथे जात नाही. जावे. अन्नछत्रात प्रसाद घेताना आपण संकोचतो का?

कंपनीने नेमून दिलेल्या सल्लागाराबद्दल दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. मोठे मालक नव्या माणसाच्या परवान्याचे काम एखाद्या संस्थेकडे सोपवतात. २०२० पासून मालकाला कामगाराकडून अधिकारपत्र घेऊन ४११ युरो शुल्कात जलद प्रक्रियाही सुरू करता येते. हे सगळे चांगलेच आहे, नवख्या माणसाचे त्यात महिने वाचतात. पण ते साह्य मालकाने आणलेले आहे आणि मालकाच्या कामापुरते आहे, हे मनात स्वच्छ असावे. मालकाचे आणि आपले हित एकाच दिशेला आहे तोवर प्रश्न उद्भवत नाही. ज्या दिवशी ते दोन दिशांना जाते, नोकरी सुटते, पगारावरून वाद होतो, किंवा पहिल्या वर्षातच दुसरीकडे जाण्याचा विचार येतो आणि तो बदल कार्यालयाला कळवावा लागतो, त्या दिवशी आपल्याला आपला स्वतःचा सल्लागार हवा. आणि त्या दिवशी कळते की आपल्या अर्जाची एकही प्रत आपल्याजवळ नाही, कारण सगळे त्यांनीच केले होते. अधिकारपत्र देताना त्याची प्रत मागून घ्यावी, पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी, कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार आपल्याकडे आणून ठेवावा. आपल्या नावाने जे बोलले गेले ते आपल्याला ठाऊक असणे, हा कर्तेपणाचा किमान अंश आहे.

फीच्या बाबतीत एक गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते. जर्मनीत वकिलाला निकालावर फी ठरवण्याची सर्वसाधारणपणे मुभा नाही. अपवाद आहेत, पण रीत ती नव्हे. काम झाले तर पैसे, नाही झाले तर नाही, असे आपल्याकडे अनेकांना न्यायाचे वाटते. आपणच म्हणतो, फळ नाही तर मोल कसले? पण नीट विचार केला तर असे दिसते की ज्याची फी फळाला बांधली जाते त्याची दृष्टीही हळूहळू फळाला बांधली जाते, आणि मग सत्यापेक्षा निकाल मोठा होऊ लागतो. ज्याला कर्माचे मोल मिळते, तो आपल्याला असेही सांगू शकतो, की तुमच्या प्रकरणात दम नाही, अर्ज करू नका, माझा वेळही वाचवा आणि तुमचे पैसेही. हे ऐकायला कडू असते. पण कर्मावर अधिकार आणि फळाची आसक्ती नाही, हे ज्या भूमीने ऐकले, तिथल्या माणसांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. म्हणून पहिल्या भेटीत यश मिळेल का हे विचारण्यापेक्षा, माझ्या प्रकरणातले दुबळे स्थान कोणते, हे विचारावे. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून समोरच्याची परीक्षा होते. आणि फी किती, कशासाठी, हे लेखी घ्यावे. सामान्य माणसाला पहिल्या सल्ल्याच्या फीबाबत तिथल्या कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

जनाबाईच्या कथा आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पांडुरंग तिच्यासोबत दळायला बसतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो. त्या कथा सांगताना भर असतो तो देवाच्या करुणेवर, आणि तो योग्यच आहे. पण त्या दळणाकडे पाहताना मला नेहमी जाणवते ते हे, की देव आला तो जात्याच्या खुंट्याला हात लावायला. जनीच्या हातातून खुंटा काढून घेऊन त्याने तिला बाजूला बसवले असते, तर त्या कथेत जनी उरली नसती. साह्य असे असते: दुसरा हात येतो, जाते हलके होते, आणि आपला हात तिथेच राहतो. ज्या सर्वसमर्थाला क्षणात सगळे पीठ करून ठेवता आले असते त्यानेही ती मर्यादा पाळली, तर फी घेऊन बसलेल्या माणसाकडून तिच्यापलीकडच्या गोष्टीची अपेक्षा का करावी?

उरते ते गीतेतले पाचवे कारण, दैव. अर्ज गेला, कागद पुरे होते, टेर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळाली, बोटांचे ठसे झाले, आणि मग काहीच घडत नाही. मोठ्या शहरांतली ही कार्यालये कामाच्या ओझ्याने वाकलेली आहेत, आणि आठवडे उलटतात तसे घरच्यांचे फोन वाढतात. अशा वेळी साह्य कशाला म्हणावे? पुष्कळ दिवस निर्णयच झाला नाही आणि त्याला सबळ कारणही नसले, तर साधारण तीन महिन्यांनंतर दिरंगाईविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट तिथे आहे. वकील ती दाखवतो, पण तिचा उपयोग लगेच करा असे चांगला वकील सांगेलच असे नाही. कधी एक नम्र स्मरणपत्र पुरते, कधी नुसती फाइल पाहण्याचा अर्ज केला की कुठे काय अडले ते कळते. फाइल पाहणे हा पक्षकाराचा हक्क आहे. वाट पाहावी की हलवावे, हा विवेक पुस्तकात मिळत नाही, तो अनेक प्रकरणे हाताखालून गेल्याने येतो, आणि साह्याचे खरे मोल मला इथे वाटते. चार कारणे आपल्याकडून पुरी झाली असली की पाचव्यासाठी थांबणे हे भिऊन थांबणे राहत नाही. तो मुलगा रात्री झोपतो. सकाळी कामाला जातो. श्रद्धावंताला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, तो नामही घेतो आणि स्मरणपत्रही पाठवतो, आणि या दोहोंत त्याला विरोध दिसत नाही.

शेवटी साह्य घेतलेल्याच्या पदराला लागणारी एक गोष्ट. ज्याचे काम झाले त्याच्याकडे पुढच्या वर्षी नवे लोक येतात. मंडळाच्या गणपतीत, क्रिकेटच्या मैदानावर, व्हॉट्सअ‍ॅपवर. दादा, तुमचे झाले ना, मग माझा अर्ज बघा. नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. पण सल्ला कुणी द्यावा हे ठरवणाऱ्या त्या जर्मन कायद्याने असेही म्हटले आहे, की कुटुंब, शेजार, जवळचा स्नेह यांच्या बाहेर फुकट का होईना कायदेशीर सल्ला द्यायचा असेल तर तो जाणत्या कायदेतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली द्यावा. हे बंधन कोरडे वाटते, पण आपल्या फुलीवरून दुसऱ्याचा चौकोन ठरवू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. तेव्हा आलेल्याला कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावायला शिकवावे, पासपोर्टाच्या आणि परवान्याच्या तारखा त्याच्या फोनमध्ये तीन महिने आधीच्या आठवणीसह टाकून द्याव्या, पिवळे पाकीट फेकू नकोस हे बजावावे, जवळच्या सल्लाकेंद्राची वेळ त्याला स्वतःला घ्यायला लावावी. भाषा अडत असेल तर बरोबर जाऊन दुभाष्याचे काम करावे, आणि तिथल्या बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर आपण न देता त्याच्याकडे पाहावे.